नसलेल्या बाळाची खुर्ची

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बायका ओळखपाळख नसतानाही चटकन बोलायला लागतात. किती वर्षं झाली, गोळ्या कुठल्या, तिखट सोडलं का, हे सगळं होतं. मग एखादी इकडेतिकडे बघते आणि हळूच विचारते, “ऑफिसात सांगितलंत का?”

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की शेवटी लिहूनच काढते. सल्ला म्हणून मात्र वाचू नका. सल्ला देण्याइतकी मी बरी झालेली नाही. मधे चांगले दिवस गेले, आता पुन्हा रक्त दिसायला लागलंय, आणि हे लिहितानाही मी खुर्चीच्या कडेवरच बसलेय.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, भरतात आणि पुन्हा उघडतात. यापुढचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगते की यात संडासाला जावं लागतं, पुष्कळ वेळा, आणि लागलं की त्याच क्षणी. चारचौघांत हा शब्द उच्चारायचा नसतो, पण माझा अख्खा दिवस त्याच्याभोवतीच फिरतो, तेव्हा तो इथे वारंवार येणार. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

सूज

सुरुवातीला मला वाटलं मूळव्याध असेल. सासूबाईंच्या मते उष्णता. हैदराबादेत राहून दुसरं काय होणार, असं म्हणून त्यांनी सब्जा भिजवला, ताक घुसळलं, कुठून कुठून बेलाचा मुरंबा मागवला. मी सगळं निमूटपणे घेतलं आणि रक्त पडतंय हे कुणालाच सांगितलं नाही. संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही नाही. वजन उतरायला लागलं तशा ऑफिसातल्या मुली विचारू लागल्या, “क्या डायटिंग कररी गे तू?” मला तेव्हा चक्क बरं वाटलं होतं.

एकदा सुलतान बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. गर्दीत मधेच पोटात कळ आली आणि लक्षात आलं की आता आपल्याकडे वेळ नाही. त्या अख्ख्या बाजारात कापड आहे, दागिने आहेत, पुस्तकं आहेत, पण बाईमाणसाला जायला जागा नाही. एका साडीच्या दुकानदाराने माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता मागच्या जिन्याकडे बोट केलं. त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते. त्या दिवसापासून शहराचा माझा नकाशाच बदलला. आमच्या बरकतपुऱ्याहून अंबरपेठेला थोरल्या नणंदेकडे जायचं तर मधे कुठलं हॉटेल, कुठला पेट्रोलपंप, कुठलं देऊळ, एवढंच मला दिसतं.

दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा मी अजून अर्धवट गुंगीत होते. डॉक्टर म्हातारे, तेलुगू, बोलायला मऊ. म्हणाले, “ये बीमारी जाती नहीं अम्मा, सोती है. अपन उसको सुलाके रखना.” मी विचारलं, सोमवारी कामावर जाऊ का? ते हसले. मग संदीपने विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं, त्याचेही दवाखाने चालूच होते. तो म्हणाला, “और बच्चे का?”

“पहले इसको सोने देव,” डॉक्टर म्हणाले.

संदीप आपल्या बुटांकडे बघत बसला. मला त्याचा असा राग आला! आताच विचारायचं होतं का? आणि त्याहून राग आला तो उत्तर ऐकून मलाच रडू फुटलं याचा.

बाहेर सासूबाई मऊ भाताचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काय निघालं म्हणाल्या. संदीपने सांगितलं, आतड्याला सूज आहे. “सूज उतरते,” असं म्हणून त्यांनी डबा उघडला. ही उतरणारी नाही, हे सांगायची त्या वेळी आमच्या दोघांचीही हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर ठरलं की कुणाला काही बोलायचं नाही. धाकट्या नणंदेसाठी स्थळं बघणं चालू होतं. पाहुण्यांत कळलं तर घरात रोग आहे म्हणतील. मी म्हटलं, “अहो आई, माझं आतडं वेगळं आणि तिचं वेगळं आहे.” त्या म्हणाल्या, “मला कळतंय बाई. लोकांना कुठं कळायलंय?”

लाल नाव

मी आरोग्यविम्याच्या हेल्पलाइनवर काम करते. दिवसभर कानाला हेडफोन. पलीकडचा माणूस घाबरलेला असतो आणि मी गोड आवाजात विचारते, “आजाराचं नाव सांगाल का?” लोक सांगतात. नाही सांगितलं तर त्यांचं काम होत नाही.

आमच्याकडे जागेवरून उठायचं तर आधी कम्प्युटरवर ब्रेकचं बटण दाबावं लागतं. भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर सगळ्यांची नावं दिसतात. ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ गेला की नाव लाल होतं. माझी जागा हॉलच्या पार टोकाला. तिथून सगळ्यांच्या पाठीमागून चालत यायचं, मग बोळ, मग कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं दार, आणि मग एकदाचं बायकांचं टॉयलेट. चहाच्या सुट्टीआधीच माझं नाव लाल झालेलं असायचं. लोक मान वर करून पडद्याकडे बघायचे आणि मग माझ्या रिकाम्या खुर्चीकडे.

श्रीलता मॅडम आमच्या टीमच्या प्रमुख. मनाने वाईट नाहीत, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटेल. मी त्यांच्याकडे जागा बदलून मागितली. कारण सांगितलं, थोडं पोटाचं आहे. “पोटाचं” म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

“जगह किधर है स्मिता? सबको वॉशरूम के पासच बैठना है क्या?” त्या हसल्या. मीही हसले.

मग तो दिवस आला. तो लिहू की नको असं फार झालं, पण बाकावरच्या बायकांपैकी कितीतरी जणींचा असा एक दिवस असतो आणि प्रत्येकीला वाटतं की तो फक्त आपलाच आहे. फोनवर एक आजोबा होते, त्यांच्या बायकोचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि त्यांचं बोलणं तोडणं मला जमलं नाही. ते थांबले तेव्हा उशीर झाला होता. मी बोळापर्यंत पोचले. दारापर्यंत नाही.

टॉयलेटमध्ये कडी लावून मी किती वेळ रडत होते कोण जाणे. बाहेरून नसरीनचा आवाज आला. नसरीन माझ्या शेजारी बसते, जुन्या शहरातून येते. तिने काय झालं असं विचारलंच नाही. पाण्याची बाटली आत सरकवली, थोड्या वेळाने दारावरून काळं काहीतरी आत टाकलं. तिचा बुरखा. येता-जाता घालते तो.

“ये पैन ले, घर कू जा. मैं मॅडम कू बोल देतूं.”

“और तू कैसे जाएगी?”

“दुपट्टा है ना. इत्ता नक्को सोच.”

बरकतपुऱ्याच्या आमच्या दारात मी तशी उभी राहिले. सासूबाईंनी दार उघडलं आणि अदबीने विचारलं, “कौन होना अम्मा? किसके घर कू आये?” मी चेहऱ्यावरचं कापड वर केलं. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, वास त्यांच्यापर्यंत पोचला असणार, आणि तशाच पाणी तापवायला गेल्या. आंघोळ करून आले तर बुरखा धुऊन दोरीवर टाकलेला होता, माझ्या कपड्यांच्याही आधी. त्याला दुसऱ्या दिवशी इस्त्रीसुद्धा त्यांनीच केली.

तीन महिने बोलत नाहीत

त्यानंतर डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं. त्याने चेहरा फुगतो. गाल इतके वर आले की डोळे बारीक दिसायला लागले. गोळ्यांनी मळमळायचं. तिखट बंद, डब्यात रोज दहीभात. आणि उठणं चालूच.

एवढं सगळं आमच्या मजल्यावरच्या बायकांनी जुळवलं. एक दिवस श्रीलता मॅडमनी बाजूला बोलावून माझा हात हातात घेतला आणि नुसत्या हसत राहिल्या. मला काही कळेना. कळलं तेव्हा मी हात सोडवून घेतला.

“नहीं मॅडम, वैसा कुछ नहीं है.”

“हौ हौ, मालूम मेरेकू.” त्यांनी ओठावर बोट ठेवलं. “तीन महीने बोलते नहीं. हमारे में भी नहीं बोलते.”

आमच्यातही बोलत नाहीत. ओटीसुद्धा चोरून भरतात. दिवस राहिलेल्या बाईने पहिले महिने नाहीच म्हणायचं असतं, आणि ऐकणारीने हो समजायचं असतं. आता यात खरं “नाही” म्हणायचं असेल तर ते कसं म्हणायचं, हे कुणी मला सांगावं. मी पुन्हा म्हटलं, त्या पुन्हा हसल्या.

दुसऱ्या दिवशी माझी जागा बदललेली होती. दाराला अगदी लागून. माझं सामान कुणीतरी उचलून नीट मांडून ठेवलं होतं, पाठीला उशी होती. पडद्यावर माझं नाव लाल झालं तरी कुणी काही विचारेना. मी इतके दिवस मागत होते ते सगळं न मागता आलं. आजार असल्याचं अर्धंमुर्धं सांगून जे मिळालं नव्हतं, ते नसलेल्या बाळाने एका दिवसात मिळवून दिलं.

आणि मी गप्प बसले. त्या खुर्चीवर बसल्यावर, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, आज आपण पोचणार एवढं नक्की माहीत होतं. ते सुख काय असतं हे ज्याला लागतं त्यालाच कळेल.

पण त्याची किंमत रोज द्यावी लागायची. कुणी कैरी आणायचं, कुणी पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात. गाल बघून मुलगी होणार म्हणायचे, चालणं बघून मुलगा. एकीने नावंसुद्धा सुचवली. मी टॉयलेटमध्ये जाऊन रक्त बघायची आणि बाहेर येऊन नावं ऐकायची. ज्या बाळासाठी मी इतके उपास केले, इतक्या सुया टोचून घेतल्या, ते सगळ्यांना दिसत होतं, फक्त माझ्या पोटात नव्हतं. नसरीन तेवढी गप्प असायची. तिला पुरतं ठाऊक नव्हतं, पण ही आनंदाची धावपळ नव्हे एवढं तिने पाहिलेलं होतं.

मग कानावर आलं की पाचव्या महिन्यात सगळ्या जणी मिळून मला बांगड्या भरणार आहेत. तेलुगू घरांत तशी पद्धत आहे. बांगड्या आणूनही झाल्या होत्या.

स्वयंपाकघरात

संदीपला सांगितलं. तो म्हणाला, “राहू दे ना. काम होतंय ना तुझं? पुढचं पुढे बघू. नंतर सांगू, राहिलं नाही म्हणून.”

राहिलं नाही म्हणून! म्हणजे नसलेलं बाळ मी मारायचं. मी त्याला इतकं बोलले त्या दिवशी, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला असावा. तोही ओरडला. माझी नोकरी गेली तर औषधांचं काय, हे त्याने विचारलं, आणि त्याचं चुकत नव्हतं. आम्ही दोघंही घाबरलो होतो आणि भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. त्यांनी हाक मारली. मला वाटलं आता नणंदेचं स्थळ निघणार. मी सगळं सांगितलं, खुर्ची, उशी, कैरी, बांगड्या. त्यांचं निवडणं थांबलं. पालेभाजीची जुडी तशीच हातात.

“ही सूज उतरत नाही ना गं?” त्यांनी विचारलं.

“नाही आई. झोपते फक्त.”

“मला वाटायलंच होतं.” मग म्हणाल्या, “नसलेल्या लेकराच्या जागेवर बसू नको बाई. त्यानं यायचं कुठं मग?”

“पण तुम्हीच म्हणाला होतात, कुणाला सांगायचं नाही.”

“म्हणलं होतं. आता सांग म्हणायलेय. ज्याला आतड्याचं भ्या वाटतं त्याच्या घरी नाही द्यायची आपली पोर.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मेथीचा वास येत होता. रडता रडता पोटात कळ आली आणि तशीच उठून पळाले, तेही सांगून टाकते.

नाव

श्रीलता मॅडमना मी मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि उभ्यानेच सांगितलं. मी गरोदर नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा आजार आहे, तो राहणार आहे, मला संडासाला जावं लागतं, आणि म्हणून मला ती जागा हवी आहे. आजाराचं जे नाव रोज लोकांकडून काढून घेते ते स्वतःच्या तोंडून बोलताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्यांचा चेहरा उतरला. “पन मैं तो सबकू बोल दी,” एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “फैलता क्या ये?” आणि टेबलावरची आपली पाण्याची बाटली त्यांनी जराशी जवळ ओढली. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी बाटलीवरून हात लगेच काढला. पण ती जागची हलली ती हललीच.

प्रकरण एचआरकडे गेलं. समोर तिघं, सगळे पुरुष, त्यातला एक माझ्यापेक्षा लहान. आधी विचारलं, खोटं का सांगितलं? मी म्हटलं, मी खरं सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. मग म्हणाले, अपंगत्वाच्या यादीत हा आजार दिसत नाही. मग विचारलं, दिवसातून किती वेळा जावं लागतं? किती वेळ लागतो? अगदी थांबताच येत नाही का? मी एकेकाचं उत्तर दिलं. डॉक्टरांची चिठ्ठी दिली, ती पुरेशी नाही, आणखी सविस्तर हवी म्हणाले. गरोदर असल्याचा पुरावा मला कुणी मागितला नव्हता.

निर्णय होईपर्यंत मी जुन्या जागेवर गेले. परत टोकाला, परत सगळ्यांच्या पाठीमागून. ते दिवस मला नीट आठवतही नाहीत. दुपारचं जेवण सोडलं, मग सकाळचंही. पाणी प्यायची नाही. पिशवीत कपड्यांचा एक जोड, त्यावर टॉवेल. कैरी आणणाऱ्या बायका आता डबा उघडताना जरा वळून बसायच्या. एक जण म्हणाली, आमच्या भावनांशी खेळलीस. एकदा रस्ता ओलांडताना समोरून बस येत होती, आणि ही लवकर का येत नाही असा विचार मनात येऊन गेला. नसरीनने दंड धरून मागे ओढलं. मी कडेलाच उभी होते, असं मी तिला सांगितलं. तिने दंड सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली आणि मी तेही त्यांना सांगितलं. तुमच्याही मनात असलं काही आलं, तर पोटाच्या डॉक्टरांनाही सांगा. ते मला ओरडले नाहीत. मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं, त्यांच्याकडे मी अजून जाते.

आवाज

ती खुर्ची मला परत मिळाली. तीन महिन्यांपुरती. मग पुन्हा चिठ्ठी, पुन्हा ते तिघं, पुन्हा तेच प्रश्न. जिंकले वगैरे काही नाही. नव्या औषधाला आतडं दाद देत नाहीये, आणि बाळाचा विषय डॉक्टर आता आपणहून काढत नाहीत.

जागेवर परत आले त्या दिवशी श्रीलता मॅडम एक खोका घेऊन आल्या. हिरव्या काचेच्या बांगड्या. दुकानदार परत घेत नाही, दुसऱ्या कुणाला भरता येत नाहीत, कारण नाव माझं घेऊन आणलेल्या. टाकायच्या तर अशुभ. एवढे दिवस त्या त्यांच्या कपाटात पडून होत्या. “क्या करूं बोल,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला पहिल्यांदा त्यांची कीव आली.

मी खोका घरी नेला. सासूबाईंना वाटेल तसं वाटू दे, म्हणून समोर ठेवला. त्यांनी एक बांगडी उजेडात धरून बघितली, चीर नाही ना म्हणून. मग माझा हात ओढून घेतला.

“आई, या कशाच्या आहेत ते माहीत आहे ना?”

“काचेच्या आहेत,” त्या म्हणाल्या आणि भरायला लागल्या.

त्या घालूनच मी कामाला जाते. पूर्वी मी कशी उठायची ते मला आठवतं. खुर्ची करकरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, मान खाली, चपलांचा आवाज न करता. आता बटण दाबायला हात पुढे केला की बांगड्या वाजतात, उठले की वाजतात, दार ढकललं की वाजतात. सगळ्या मजल्याला कळतं मी कुठे चाललेय. कळू दे.